जगाचं मिश्र संगीत ऐकायचंय? आधी गल्लीतला बेंजो नीट ऐका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लहानसं लेथचं वर्कशॉप आहे. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाली की मी स्पीकर लावतो. भाचा एकदा डबा घेऊन आला आणि दारातच थांबला. "मामा, हे काय लावलंय? वरात आहे, भजन आहे की भांडण?" वाजत होती बल्गेरियातली एक लग्नाची वरात, पण तिच्यात जाझही होतं.

हा भाचा गल्लीतल्या बेंजो पार्टीत वाजवतो. मी त्याला विचारलं, "तू वाजवतोस ते वाद्य कुठलं?" म्हणाला, "आपलंच की!" आपलं खरं, पण जन्मानं जपानी. १९१२ च्या सुमारास नागोयामध्ये गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं एक तारवाद्य काढलं, ताइशोगोतो. ते इकडं येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप आणि अँप्लिफायर जोडला आणि मिरवणुकीत शिरताना त्याचं नाव बेंजो पडलं. खऱ्या अमेरिकी बँजोशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे नाव अमेरिकेचं, सांगाडा जपानचा, गाणं हिंदी सिनेमाचं आणि खाली ठेका हलगीचा. दोन-तीन मुलखांचं संगीत एकत्र आलं की काय होतं, हे कोल्हापूरकराला शिकवायला नको, नुसती आठवण करून द्यावी लागते.

त्या दिवसापासून दीड वर्ष मी त्याला जे जे सांगत आलो, ते इथं क्रमानं मांडतोय. यादी देणार नाही. 'ऐकलेच पाहिजेत असे शंभर अल्बम' छापाच्या याद्या मी खूप वापरल्या आणि दहाव्या नंबरच्या पुढं एकदाही गेलो नाही. यादीतलं पुढचं गाणं आणि मागचं गाणं यांचं एकमेकांशी नातं नसतं. त्यापेक्षा एक धागा धरायचा आणि तो नेईल तिकडं जायचं.

पहिली पायरी: जिन्नस चाखा

मिश्रण कळायला आधी त्यातले जिन्नस जिभेला माहीत पाहिजेत. त्यासाठी फुकटात मिळणारं आणि नेमकं मापात असलेलं एक पॅकेज आहे: व्हॉयेजर यानांवरची सोनेरी तबकडी. १९७७ मध्ये नासानं दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीचे आवाज घेऊन जाणारी एकेक तबकडी आहे, तिच्यात संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत आणि सगळे मिळून साधारण दीड तास चालतात. त्यात भारताचा तुकडा एकच, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. केसरबाई कुणाच्या शिष्या? शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या. म्हणजे कोल्हापूरची तालीम सौरमालेच्या बाहेर पोचलीय. भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं त्याच दिवशी स्टेटस टाकलं.

यूट्यूबवर हे सत्तावीसही तुकडे मिळतात. रोज चारच ऐका. जावाचा गामेलान, जॉर्जियातल्या पुरुषांचं कोरस, अझरबैजानचा मुघाम, पेरूची पानबासरी, सेनेगलचे ढोल, बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का यांचा डोंगरावरून हाक मारल्यासारखा आवाज, बाख आणि चक बेरी. आवडलं-नावडलं एवढ्यात ठरवू नका. एका वहीत प्रत्येक तुकड्यासमोर एकच ओळ लिहा: हे मला कशासारखं वाटलं? भाच्यानं वाल्या बाल्कान्स्कांसमोर लिहिलं, 'आजी जात्यावर, पण माइक लावून'. जॉर्जियासमोर लिहिलं, 'कुस्ती जिंकल्यावर तालमीतली पोरं'. अशा ओळींचा पुढं उपयोग होतो. तुमचे धागे त्यांतूनच निघतात.

दुसरी पायरी: एक धागा धरा

धागा चार प्रकारांचा असू शकतो: वाद्य, ताल, प्रसंग आणि माणूस. चारही एकदम धरू नका.

वाद्याचा धागा सगळ्यात सोपा. आपल्या भजनी मंडळाची पेटी घ्या. तीही मूळची युरोपातली. १९४० पासून साधारण तीस वर्षं आकाशवाणीनं तिला दारात उभं केलं नव्हतं. तिच्यात पितळी पत्ती हवेनं थरथरते आणि स्वर निघतो. हीच पत्ती, हाच भाता, फक्त दोन्ही हातांत धरून ताणायचा आणि दाबायचा, असं एक वाद्य जर्मनीत झालं, बँडोनिऑन. स्थलांतरितांबरोबर ते अर्जेंटिनाला गेलं आणि तिथं टँगो या नाचाच्या संगीताचा प्राण झालं. आस्तोर पियाझोला (१९२१–१९९२) यांनी तोच टँगो घेतला. लहानपण न्यूयॉर्कमध्ये गेल्यामुळं जाझ कानात होतं, पुढं पॅरिसला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची तालीम घेतली आणि हे सगळं टँगोत ओतलं. जुन्या टँगोवाल्यांनी 'हा टँगोच नव्हे' म्हणून आरडाओरडा केला. आज जगात टँगो म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेतात. १९८६ चा त्यांचा 'टँगो: झिरो अवर' रात्री दिवे घालवून ऐका. पेटीतून एवढा संताप आणि एवढी धग निघू शकते, हे मला तेव्हा कळलं.

तालाचा धागा थोडा कष्टाचा, पण कोल्हापुरात ज्याच्या कानावर थोडं नाट्यसंगीत किंवा भावगीत पडलंय त्याला जमतोच. रूपकच्या सात मात्रा: तिं तिं ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. बोटांच्या पेरांवर मोजून हात बसवा. आता ग्रीसचं कालामातियानोस नावाचं नाचाचं संगीत लावा. तिथंही सात, आणि तेही तीन, दोन, दोन. मग शेजारी बल्गेरियाला जा. त्यांच्या राचेनित्सा नाचात सातच मात्रा, पण वाटणी उलटी, दोन, दोन, तीन, आणि लय अशी की पेरांवर मोजता मोजता बोटंच गुंततात. मोजणं सोडा, शेवटच्या लांब ठोक्यावर मान हलवा, आपोआप बसतं.

इथून दोन वाटा फुटतात. एक जाझकडं जाते. अमेरिकेचे जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांनी इस्तंबूलच्या रस्त्यावर वादकांकडून नऊ मात्रांचा ठेका ऐकला, दोन, दोन, दोन, तीन असा, आणि त्यावर 'ब्लू राँडो आ ला तुर्क' बांधलं. ते १९५९ च्या 'टाइम आउट' अल्बममध्ये आहे. दुसरी वाट वरातीकडं, आणि मी गेलो तो तिकडंच. बल्गेरियात ईवो पापाझोव नावाचे क्लॅरिनेटवादक आहेत, तुर्की-रोमा (जिप्सी) घराण्यातले. त्यांनी १९७४ मध्ये 'त्राकिया' हा लग्नात वाजवणारा बँड उभा केला. गावच्या लग्नात लोकनृत्याच्या चाली, त्यात जाझची बढत, त्यात तुर्की वळणं, आणि वेग असा की मागचा ड्रमवाला घामाघूम. कम्युनिस्ट सरकारला हे तुर्की-रोमा वळण खपलं नाही, पापाझोव यांना तुरुंगही बघावा लागला. त्यांचा 'बाल्कनॉलजी' (१९९१) मिळवा. भाच्यानं दारात उभं राहून ऐकलं ते हेच. आपल्याकडं वरातीचा बँडवाला म्हणजे कलाकारांत सगळ्यात शेवटच्या पंगतीला. हा अल्बम ऐकल्यावर मी तरी लग्नात बँडपुढं जाऊन उभा राहायला लागलो, जेवणाच्या रांगेत नंतर लागतो.

प्रसंगाचा धागा, म्हणजे जागर

हा माझा सगळ्यात लाडका धागा, म्हणून त्याला वेगळी जागा.

अंबाबाईच्या गावात गोंधळ कुणाला सांगायला नको. संबळ, तुणतुणं, दिवटी, रात्रभर देवाला बोलावणं, कुणाच्या तरी अंगात येणं, पहाटे आरती. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या ढगात धनगरी ढोल ज्यानं ऐकलाय, त्याला ढोलाच्या आवाजानं छातीचं काय होतं तेही माहीत आहे. आता मोरोक्कोला चला. तिथं ग्नावा लोक आहेत. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांचाही रात्रभराचा विधी असतो. तीन तारांचं, उंटाच्या कातड्यानं मढवलेलं गेंब्री नावाचं जाड आवाजाचं वाद्य आणि हातात वाजणाऱ्या मोठ्या लोखंडी चिपळ्या, कराकेब. आत्म्यांना रंगांनुसार, क्रमानं बोलावतात, अंगात येतं, उजाडेपर्यंत चालतं. या विधीचं नाव 'लीला'. अरबीत त्याचा अर्थ रात्र. आपल्या लीलेशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण मला दर वेळी गंमत वाटते.

ऐकायचं कसं? पहिल्यांदा निव्वळ ग्नावा, कसलंही मिश्रण नसलेलं. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, कारण तेच तेच चालतं. सोडू नका. आठव्या-दहाव्या मिनिटाला चिपळ्यांचा ठेका तीन आणि चार यांच्या मधे कुठं तरी लोंबकळायला लागतो आणि पाय आपसूक हलतो. कान असा तयार झाला की १९९४ चा 'द ट्रान्स ऑफ सेव्हन कलर्स' लावा. त्यात ग्नावा उस्ताद महमूद गानिया गेंब्रीवर आणि अमेरिकेचे फॅरो सँडर्स सॅक्सोफोनवर आहेत. सॅक्सोफोन विधीच्या अंगणात चप्पल बाहेर काढून आल्यासारखा शिरतो, मग हळूहळू त्याच्याही अंगात येतं. एस्साविरा या समुद्रकाठच्या गावात १९९८ पासून ग्नावा महोत्सव भरतो. तिथं बाहेरचे वादक आणि हे उस्ताद एका मंचावर बसतात. त्याची चित्रणं भरपूर सापडतात. जगातले असे जागर शोधत गेलात तर वर्ष पुरणार नाही.

माणसाचा धागा

एखादा आवडलेला वादक धरा आणि तो आणखी कुणाकुणाबरोबर बसलाय ते बघा. यासाठी अल्बममधली वादकांची नावं वाचायची सवय लावून घ्या. फोनवर ऐकताना ती दिसत नाहीत, मुद्दाम शोधावी लागतात. डिस्कॉग्स या संकेतस्थळावर बहुतेक अल्बमची सापडतात.

उदाहरण झाकिर हुसेन यांचंच. सत्तरच्या दशकात गिटारवाले जॉन मॅकलाफ्लिन, व्हायोलिनवाले एल. शंकर आणि घटमवाले विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड. मग १९९१ मध्ये अमेरिकेचे ड्रमवाले मिकी हार्ट यांच्याबरोबर 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम, त्यात नायजेरियाचे सिकिरू अदेपोजू आणि ब्राझीलचे आयर्तो मोरेरा. मॅकलाफ्लिन यांचा माग काढा, तुम्ही जाझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या दारात पोचता. आयर्तोंचा माग काढा, पुन्हा माइल्स डेव्हिस यांचंच दार. अशा ठिकाणी थांबायचं. दोन वाटा एका घरी जातात म्हणजे त्या घरी नक्की काही तरी शिजतंय.

तिसरी पायरी: साधनं, आणि त्यांच्या खोड्या

रेडिओ गार्डन हे संकेतस्थळ पहिल्यांदा उघडा. पृथ्वीचा गोळा दिसतो, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचं रेडिओ केंद्र चालू. खुबी वेळेची आहे. रात्री साडेनऊला इथं जेवण आटोपतं तेव्हा मालीच्या बामाकोत दुपारचे चार वाजलेले असतात आणि इथिओपियाच्या अदिस अबाबात संध्याकाळचे सात. दोन्हीकडं रेडिओ जोरात असतो. पहाटे फिरायला जाताना लावलात तर तिकडं मध्यरात्र. बहुतेक वेळा नुसती बडबड किंवा तेच तेच रेकॉर्ड केलेलं. चांगलं गाणं लागलं की दुसऱ्या फोनवर गाणं ओळखणारं शॅझम धरायचं. नाही ओळखलं तर वेळ आणि केंद्राचं नाव वहीत टिपायचं.

यूट्यूबवर सिअ‍ॅटलच्या केईएक्सपी या रेडिओ केंद्राची आणि 'टायनी डेस्क' या छोट्या मैफलींच्या मालिकेची चित्रणं बघा. चित्र असल्यामुळं कोणता आवाज कोणत्या वाद्यातून येतो ते कळतं, नवख्याला हे फार लागतं. पण यूट्यूबची खोड अशी की दोनदा बासरी ऐकलीत की महिनाभर झोपेचं संगीत पाठवत बसतं. शोधाशोधीसाठी वेगळं खातं काढा, त्यात बातम्या, क्रिकेट काही बघू नका. आणि आपोआप पुढचं लागणारं बटण बंद करा. पुढं काय ऐकायचं हे तुम्ही ठरवायचं.

बँडकॅम्प या संकेतस्थळावर देशाच्या आणि प्रकाराच्या नावानं शोधता येतं. आधी ऐकता येतं आणि विकत घेतलं तर पैशांचा मोठा वाटा वादकाकडं जातो. सगळं घ्यायला कुणाला परवडतंय. मी वर्षाला दोन-तीन घेतो, वडापावचा हिशेब करून.

रेकॉर्ड कंपनीचं नावही धागा होऊ शकतं. इंग्लंडचे गायक पीटर गॅब्रिएल यांची रियल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाली. नुसरत फतेह अली खाँ आणि मायकल ब्रूक यांचा 'मस्त मस्त' तिचाच. इथिओपियाच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या रेकॉर्डिंगची 'इथिओपिक्स' ही मालिका फ्रान्सहून निघते.

आणि एक: 'वर्ल्ड म्युझिक' या शब्दावर विसंबून शोधू नका. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही स्वतंत्र रेकॉर्डवाले जमले. दुकानात या रेकॉर्ड कुठल्या फळीवर ठेवायच्या, एवढाच प्रश्न होता, त्यातून हे नाव रूढ झालं. ग्रॅमी पुरस्कारवाल्यांनीही २०२० मध्ये ते बदलून 'ग्लोबल' केलं. फळीचं नाव आहे, संगीताचं नाही. शोधताना वाद्याचं नाव, गावाचं नाव, ठेक्याचं नाव टाका. नावांची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे होतात, एकानं मिळालं नाही तर दुसरं बघा.

चौथी पायरी: भेसळ ओळखा

मिश्रण म्हटलं की सगळं चांगलं असं अजिबात नाही. खाली तयार लूप, वर बासरी, मधे एखादा संस्कृत श्लोक आणि मुखपृष्ठावर सूर्योदय, असला माल ढिगानं आहे. माझी चाचणी सोपी: दोघांपैकी एकाला मनातल्या मनात काढून टाका. उरलेल्याला काही फरकच पडत नसेल तर ते एकत्र बसलेच नव्हते, शेजारी उभे करून फोटो काढलाय. तांबडा आणि पांढरा रस्सा आपण दोन वाट्यांतच ठेवतो, त्यालाही कारण आहे.

उलट बाजूचं उदाहरण सहारातला तिनारिवेन हा बँड. वाळवंटातल्या तुआरेग जमातीचे तरुण, हद्दपारीत आणि छावण्यांत वाढलेले. इब्राहिम अग अलहबीब यांनी पहिली गिटार तेलाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार वापरून बनवली. आम्हा उद्यमनगरवाल्यांना ही माहिती कळल्यावर त्यांच्याबद्दल आदर दुप्पट झाला. त्यांच्या संगीतात रॉक कुठं संपतं आणि वाळवंट कुठं सुरू होतं ते मला अजून सांगता येत नाही. २०११ चा 'तासिली' लावून बघा, टाळ्यांकडं लक्ष ठेवा.

आणि आपल्याकडचे चरणजित सिंग! मुंबईत सिनेमासाठी वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये नवे जपानी सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. कुणी विचारलं नाही. पुढं वीस-पंचवीस वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती रेकॉर्ड सापडली आणि ते चाट पडले, कारण त्यांच्याकडं नाचाच्या ज्या इलेक्ट्रॉनिक संगीताला अ‍ॅसिड हाऊस म्हणतात तसला आवाज या माणसानं आधीच काढून ठेवला होता. चाचणीत बसतं का? काही राग बसतात, काही नाही. भैरव नक्की बसतो.

ऐकायचं कसं, थोडक्यात

नवीन गाणं तीनदा ऐका: एकदा काम करत, एकदा डोळे मिटून, एकदा माहिती वाचून. मधे एक दिवस जाऊ द्या. शब्दांचा अर्थ शेवटी बघा. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर गायब होतात, त्यामुळं गेंब्री आणि आफ्रिकी ढोल त्यावर वाया जातात; साधे वायरचे इअरफोन पुरतात. आठवड्याला एकच नवा कलाकार. याहून जास्त केलं की सगळं एकसारखं वाटायला लागतं, मी करून बघितलंय.

भाचा सध्या इथिओपियात आहे, म्हणजे कानानं. मुलातू अस्तात्के, जन्म १९४३, बोस्टनच्या बर्कली कॉलेजातले पहिले आफ्रिकी विद्यार्थी. तिथं शिकून त्यांनी आपल्या देशाचे पाच स्वरांचे ठाट जाझ आणि लॅटिन ठेक्यांत बसवले. 'इथिओपिक्स'चा चौथा भाग सगळा त्यांचा आहे. त्या देशात तिझीता नावाचा एक ठाट आहे. शब्दाचा अर्थ आठवण, हुरहुर. भाच्यानं यातली एक चाल बेंजोवर बसवली आणि परवा तालमीसाठी मंडळाच्या शेडमध्ये वाजवत बसला होता. समोरच्या कट्ट्यावर आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले अण्णा बसलेले, वय ऐंशीच्या पुढं. दोन आवर्तनं त्यांनी ऐकली, मग काठी आपटत उठून जवळ आले.

"भूप हाय की रं ह्यो. पर कुठनं आणलास?"